राज्यात एकच पेपर असतो तेव्हा

विल्यम लोब या पेपरमालकाने अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या राजकारणावर पस्तीस वर्षं हुकमत गाजवली, पण त्या राज्याचा तो मतदार नव्हता. राहायचा शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये, समुद्रकाठच्या प्राइड्स क्रॉसिंगला. कागदोपत्री रहिवासी होता तो पार पश्चिमेकडच्या नेवाडाचा. अग्रलेख फोनवरून सांगायचा, आणि मँचेस्टर शहरातून निघणाऱ्या 'युनियन लीडर'च्या पहिल्या पानावर, खाली त्याच्या नावानिशी, तो छापून यायचा. गव्हर्नर कोण व्हावा, कोणता कर लागू नये, राष्ट्राध्यक्षपदाच्या कोणत्या इच्छुकाने गाशा गुंडाळावा, हे सगळं सांगणाऱ्याला स्वतःला तिथे मत टाकता येत नव्हतं.

अमेरिकेतल्या राज्य पातळीवरच्या उजव्या पत्रकारितेचा विषय निघाला की लोबचं नाव येतंच, आणि ते बहुतेक वेळा शिवीसारखं येतं. त्याने ती कमावली होती. पण मला वाटतं, त्याच्यावरचा आरोप चुकीच्या कलमाखाली लावला जातो. आपल्याकडे मराठीत तीन वेगळे शब्द आहेत: वृत्तपत्र, मतपत्र आणि मुखपत्र. लोबचा पेपर मुखपत्र कधीच नव्हता. तो रिपब्लिकनांचा होता, पण रिपब्लिकन पक्षाचा नव्हता. ते अस्सल मतपत्र होतं, कडवं, एकमार्गी, अनेकदा गलिच्छ. मतपत्र असणं हा काही गुन्हा नव्हे. आपल्याकडच्या निम्म्या चांगल्या पत्रकारितेचा जन्म मतपत्रांतूनच झाला. न्यू हॅम्पशायरचं नुकसान झालं ते त्या पेपरला ठाम मत होतं म्हणून नाही. त्याला तोडीस तोड उत्तर देणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं, म्हणून झालं.

त्या राज्याची घडण पाहिल्याशिवाय हे पटायचं नाही. १९७० साली न्यू हॅम्पशायरची लोकसंख्या साडेसात लाखांच्याही आत होती, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा कमी. तेवढ्या लोकांसाठी कनिष्ठ सभागृहात ४०० आमदार. (आपल्या विधानसभेत अख्ख्या महाराष्ट्राचे मिळून २८८.) या आमदारांचा पगार वर्षाला १०० डॉलर, आणि तो १८८९ पासून तेवढाच आहे. साहजिकच तिथे आमदार कोण होतं, तर निवृत्त माणसं, घरचं बरं असणारी, फावला वेळ असणारी. ना कार्यालय, ना सचिव, ना अभ्यासाला माणसं. गव्हर्नरची मुदत दोन वर्षांची, त्यामुळे निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या निवडणुकीची चिंता. लोकशाही म्हणून हे सगळं फार मोहक वाटतं, पण अशा राज्यात सत्तेचं एकही घट्ट केंद्र नसतं. तिथे रोज सकाळी राज्यभर एकच पेपर पोचत होता. खप साठ-पासष्ट हजारांच्या आसपास, पण काँकर्डपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत आमदारांपुढे, पंचांपुढे, दुकानदारांपुढे चहाकॉफीला तोच. काँकर्ड, नाशुआ, पोर्ट्‌समथ या गावांचे आपापले पेपर होते, काही चांगलेही होते. पण ते गावाबाहेर फारसे जात नसत. टीव्ही म्हणावं तर मँचेस्टरचं एकच ठळक केंद्र, आणि बाकी सगळे बॉस्टनचे चॅनेल, ज्यांना न्यू हॅम्पशायरच्या अर्थसंकल्पाशी काडीचं घेणं नव्हतं.

पोकळी अशी तयारच होती. लोब फक्त तिच्यात येऊन बसला.

मुळात हा पेपर त्याचा नव्हताच. फ्रँक नॉक्स या गृहस्थाने १९१२ मध्ये मँचेस्टरला 'लीडर' काढला आणि वर्षभरात जुना 'युनियन' त्यात आणला. हेच नॉक्स १९३६ मध्ये रिपब्लिकनांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि पुढे युद्धकाळात डेमोक्रॅट रूझवेल्टच्या मंत्रिमंडळात नौदलमंत्री झाले. पक्षाच्या पलीकडे जाण्याचं त्यांना वावडं नव्हतं. १९४४ साली ते वारले आणि १९४६ मध्ये त्यांच्या पत्नीकडून लोबने पेपर विकत घेतला. लोबचे वडील थिओडोर रूझवेल्टचे खासगी सचिव, म्हणजे राजकारण घरात पाणी भरत होतं. व्हरमाँटमध्ये दोन छोटे पेपर चालवून त्याने हात बसवला होताच.

मग सुरू झाले ते पहिल्या पानावरचे अग्रलेख. आयझेनहॉवर हा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष, महायुद्धाचा सेनापती. लोबच्या लेखी तो 'ठोंब्या ड्वाइट'. जेरल्ड फोर्डलाही असंच एक टोपणनाव. किसिंजरसाठी तर मथळ्यात ज्यूंना दिली जाणारी उघड शिवी. अत्र्यांच्या 'मराठा'वर वाढलेल्या पिढीला या भाषेचा धक्का कमी बसेल, आणि त्यामुळेच मी सांभाळून बोलतो. अत्र्यांची शिवीगाळही अनेकदा मर्यादा सोडून गेली, पण ती सत्तेत बसलेल्यांवर, मोरारजींवर, काँग्रेसवर असायची, आणि तिच्या आगेमागे विनोद असायचा. लोबकडे विनोद नव्हता. त्याच्याकडे राग होता आणि मोठा टाइप होता. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने मांडायला हवी: वाचकांची पत्रं तो पानंच्या पानं छापायचा, आणि त्यात त्याला स्वतःला धुऊन काढणारीही असायची. आजच्या किती मालकांना हे जमेल?

आता त्याच्या ताकदीचा हिशेब. लोकांना वाटतं, लोबने बोट दाखवलं की माणूस निवडून यायचा. नोंदी तसं सांगत नाहीत. १९६४ मध्ये त्याने रिपब्लिकनांमधल्या कडव्या उजव्या गोल्डवॉटरला उचलून धरलं. न्यू हॅम्पशायरची प्राथमिक फेरी, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठीचं मतदान, जिंकली ती हेन्री कॅबट लॉजने, आणि तेही मतपत्रिकेवर नाव नसताना, लोकांनी हाताने लिहून. १९७२ मध्ये निक्सन त्याला पुरेसा उजवा वाटेना, म्हणून त्याने ओहायोचे अ‍ॅशब्रुक पुढे केले, त्यांना दहाच्या आसपास टक्के पडले. त्याच वर्षी डेमोक्रॅटांच्या बाजूला त्याने लॉस एंजेलिसचे महापौर सॅम यॉर्टी यांना पाठिंबा दिला. त्यांना सहा टक्के. १९७६ मध्ये रेगन, तेही दीड हजारांच्या आसपास मतांनी हरले. १९८० ला रेगनने बुशचा धुव्वा उडवला तेव्हा लोबची इच्छा एकदाची फळली.

म्हणजे उभं करण्यात हा माणूस फारसा यशस्वी नव्हता. पाडण्यात होता.

मस्कीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे तिथे फार रेंगाळत नाही. १९७२ च्या फेब्रुवारीत मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की डेमोक्रॅटांचे आघाडीचे उमेदवार होते. 'युनियन लीडर'ने एक पत्र छापलं: मस्कींच्या समोर म्हणे कुणीतरी फ्रेंच-कॅनेडियन लोकांना हिणवणारा 'कॅनक' हा शब्द वापरला आणि ते हसले. मँचेस्टर हे कापड गिरण्यांचं शहर, अ‍ॅमॉस्केगच्या अजस्र गिरण्यांमध्ये राबायला क्यूबेकहून आलेल्या माणसांनी भरलेलं. गिरण्या १९३६ मध्ये बंद पडल्या, माणसं राहिली. परळ-लालबागच्या वाचकाला यापेक्षा जास्त सांगायला नको. पत्र कुठे बसेल हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं. ते पत्र बनावट होतं, पाठवणारा कधीच सापडला नाही, आणि त्याचा माग पुढे निक्सनच्या व्हाइट हाउसपर्यंत लागला. जोडीला मस्कींच्या पत्नीवर चिखलफेक करणारा मजकूर एका साप्ताहिकातून उचलून छापला. २६ फेब्रुवारीला बर्फ पडत असताना मस्की पेपरच्या इमारतीसमोर ट्रकवर उभे राहिले, लोबला भेकड म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज कापला. अश्रू होते की वितळलेला बर्फ, यावर अजून वाद आहे. मस्कींना ४६ टक्के मिळाले, प्रतिस्पर्धी मॅकगव्हर्नना ३७. अपेक्षा याहून मोठ्या विजयाची होती, त्यामुळे जिंकूनही ते संपले.

इतिहास लिहिणारे इथे थांबतात, आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे. मस्की प्रकरण नाट्यमय आहे, पण मस्कींना पाडायला बाहेरून आलेली बनावट चिठ्ठी लागली, देशभरातल्या पत्रकारांच्या बातम्या लागल्या, एक बर्फाचा दिवस लागला. लोबची खरी कामगिरी त्याच वर्षी, त्याच राज्यात, कुणाच्या फारशा लक्षात न येता झाली, आणि ती पन्नास वर्षं टिकली आहे.

१९७२ मध्ये गव्हर्नर होते वॉल्टर पीटरसन, मवाळ रिपब्लिकन. राज्याला पैसा हवा आहे आणि तो कुठून आणायचा हे विचारलं पाहिजे, असं मानणारे. लोबने त्यांच्याच पक्षातून मेल्ड्रिम थॉमसन नावाचा माणूस त्यांच्यावर सोडला. थॉमसन आधी दोनदा आपटले होते. या खेपेला घोषणा होती, 'करावर कुऱ्हाड'. शपथ अशी की आयकर असो वा विक्रीकर, राज्यभर सगळ्यांवर बसणारा कोणताही कर माझ्यापुढे आला तर मी नकाराधिकार वापरीन. थॉमसन जिंकले. तेव्हापासून त्या शपथेला तिथे नुसतं 'द प्लेज' म्हणतात. गव्हर्नर व्हायचं असेल तर प्लेज घ्यायचा. नाही घेतला तर पहिल्या पानावर तुमचं नाव. काही वर्षांतच रिपब्लिकन सोडा, डेमोक्रॅटही निमूट प्लेज घेऊ लागले. जीन शाहीन १९९६ मध्ये निवडून आल्या त्या प्लेज घेऊन. २००० साली त्यांनी तो घ्यायला नकार दिला आणि तरी जिंकल्या, पण आयकर काही आला नाही. २००२ मध्ये मार्क फर्नल्ड यांनी उघड उघड आयकराची बाजू घेतली आणि सपाटून मार खाल्ला. पुढचे उमेदवार शहाणे झाले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. न्यू हॅम्पशायरची माणसंच काटकसरी आणि सरकारवर संशय घेणारी. पेपरने त्यांच्या मनातलं छापलं, एवढंच. मला हे अर्धं मान्य आहे. पण शेजारी पाहा. व्हरमाँटची माणसं त्याच मातीची, त्याच हवेची, त्याच ग्रामसभांची. त्यांनी १९३१ मध्ये आयकर आणला आणि १९६९ मध्ये विक्रीकर. मेनने १९५१ मध्ये विक्रीकर, १९६९ मध्ये आयकर. कनेटिकटने फार काळ खळखळ केली, १९९१ मध्ये तेही वळलं. प्रत्येक ठिकाणी भांडण झालं, सरकारं पडली, पण विषय टेबलावर राहिला. पगारावर राज्याचा आयकर नाही आणि राज्याचा सर्वसाधारण विक्रीकरही नाही, अशी अमेरिकेत दोनच राज्यं उरली आहेत: न्यू हॅम्पशायर आणि अलास्का. अलास्काकडे तेल आहे.

मग न्यू हॅम्पशायर चालतं कशावर? दारूवर आणि लॉटरीवर, हे थोडं चेष्टेने, पण फार खोटं नाही. दारूची दुकानं सरकारी आणि ती हमरस्त्याला लागून, म्हणजे मॅसॅच्युसेट्सचा माणूस स्वस्त बाटल्यांनी डिकी भरून परत जातो. आधुनिक काळातली अमेरिकेतली पहिली सरकारी लॉटरी १९६४ मध्ये याच राज्याने काढली, तीन डॉलरचं तिकीट, शाळांसाठी म्हणून. (आपल्या महाराष्ट्राची १९६९ ची.) ती आणणारा गव्हर्नर जॉन किंग डेमोक्रॅट, पण कर न वाढवता पैसा येतोय म्हटल्यावर लोब त्याच्या पाठीशी. पक्ष पाहून नव्हे, मत पाहून. मतपत्र म्हणतात ते हेच.

पण मुख्य भार पडला घरपट्टीवर. शाळा चालतात गावाच्या घरपट्टीतून. आता स्कीइंगच्या डोंगराशी किंवा तळ्याकाठी वसलेल्या गावात बॉस्टनच्या श्रीमंतांचे बंगले असतात, मुलं शाळेत थोडी. दर किरकोळ ठेवला तरी पैसा भरपूर. क्लेअरमाँटसारखं जुनं गिरणगाव, गिरण्या बंद, घरं स्वस्त, मुलं पुष्कळ. दर कितीही वाढवला तरी शाळेचं छत गळतंच. क्लेअरमाँट आणि इतर काही गावं कोर्टात गेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं की पुरेसं शिक्षण देणं राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे, आणि १९९७ मध्ये सांगितलं की गावागणिक बदलणाऱ्या घरपट्टीवर शाळांचा भार टाकणं घटनेत बसत नाही. एखाद्या साध्या राज्यात यानंतर दोन वर्षांत नवा कर आला असता. इथे घरपट्टीलाच राज्याचं नाव दिलं, आकडे इकडून तिकडे केले, आणि खटल्यांमागून खटले चालू राहिले. कारण ज्या एका उपायावर बोलायचं, तो उच्चारला की राजकारण संपतं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पाडलेल्या उमेदवारांपेक्षा लोबचं वजन मला इथे दिसतं: त्याने एक प्रश्न विचारण्याजोगा ठेवला नाही.

थॉमसनचं पुढे काय झालं, तेही गमतीदार आहे. समुद्रकाठी सीब्रुकला अणुवीज प्रकल्प व्हावा म्हणून ते आणि लोब दोघेही हट्टाला पेटले. १९७७ मध्ये तिथे आंदोलकांनी ठाण मांडलं तेव्हा १,४१४ जणांना अटक झाली आणि त्यातल्या शेकडो लोकांना दोन आठवडे कोंडून ठेवलं. पण थॉमसन आंदोलकांमुळे पडले नाहीत. प्रकल्प पूर्ण व्हायच्या आधीच त्याच्या बांधकामाचा खर्च वीजबिलात लावला गेला, आणि थॉमसननी तो लावू दिला. १९७८ मध्ये करावर कुऱ्हाड चालवणारा हा गव्हर्नर वीजबिलावरून हरला. खिशातून पैसा गेला की माणूस त्याला कर म्हणो वा अधिभार, त्याला सारखंच दुखतं. पण कर म्हटला की निदान सभागृहात त्यावर चर्चा होते.

इथे मला पुणं आठवतं. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकात मुलीचं वय दहावरून बारा करायचं होतं, आणि 'केसरी' त्याच्या विरोधात उभा राहिला. टिळक राजकारणात जहाल होते आणि समाजसुधारणेत थांबा म्हणणारे, हे आपण जाणतोच. त्या बाबतीत 'केसरी' सनातन्यांचाच आधार ठरला. पण त्याच शहरात, तीन वर्षं आधी, त्याच 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर बाहेर पडून 'सुधारक' काढून बसले होते. जे 'केसरी'त येईल त्याचा समाचार 'सुधारक'मध्ये. वाचक दोन्ही वाचत, चिडत, बाजू घेत. 'केसरी'चं मत सौम्य नव्हतं, पण ते एकटं नव्हतं. कल्पना करा की पुण्यात १८९१ मध्ये फक्त 'केसरी' होता, आणि आगरकर फक्त एखाद्या तालुक्याच्या गावी पोचत होते. मँचेस्टरमध्ये नेमकं हेच होतं, पस्तीस वर्षं.

१९८१ मध्ये लोब गेला. पेपर त्याच्या पत्नीने, नॅकी लोबने, चालवला. नॅकी एका अपघातानंतर व्हीलचेअरवर होत्या आणि लिहायला नवऱ्याइतक्याच तिखट. १९९२ मध्ये त्यांनी सत्तेवर असलेल्या बुशविरुद्ध पॅट ब्यूकॅननना उभं केलं आणि ३७ टक्क्यांपर्यंत नेलं. त्यानंतर पत्रकारितेची शाळा काढून पेपरचे बहुतेक शेअर त्यांनी तिला देऊन टाकले, म्हणजे हा पेपर कुठल्या साखळीच्या घशात जाणार नाही अशी सोय केली. ही गोष्ट मला लोबच्या सगळ्या अग्रलेखांपेक्षा मोठी वाटते.

आणि मग आलं २०१६. संपादक-प्रकाशक जो मॅक्वेड यांनी पहिल्या पानावरून ट्रम्पवर हल्ला चढवला, लोबच्याच थाटात, नाव घेऊन. ट्रम्पनी उलट शिव्या दिल्या. पेपरने क्रिस क्रिस्टींना पाठिंबा दिला. ते सहावे आले आणि काही दिवसांत ट्रम्पच्याच मांडवात गेले, तेव्हा मॅक्वेडनी आपण चुकलो असं छापून टाकलं. राज्यातली प्राथमिक फेरी ट्रम्पनी आरामात जिंकली होती. नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी पेपरने लिबर्टेरियन या छोट्या पक्षाच्या गॅरी जॉन्सनला पाठिंबा दिला. शंभर वर्षांत पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराला नाही. २०२० मध्ये थेट बायडन.

काय घडलं? मत तितकंच ठाम, पान तेच, राग तोच. फक्त आता ते राज्यातलं एकमेव मत नव्हतं. रेडिओ, केबल, फोनवरचे हजार आवाज, आणि पेपरचा खप लोबच्या काळाच्या कितीतरी खाली. आपल्याच माणसांना नको म्हणणारं मतपत्र उभं राहिलं, तेव्हा त्या नकाराला वजन उरलं नव्हतं. मला यातलं एकटेपण गेल्याचा आनंद आहे, पण नकार वाया गेल्याचं दुःखही आहे. कारण त्या हजार आवाजांत मतपत्रं फार थोडी आहेत. बहुतेक मुखपत्रं आहेत, आपल्या नेत्याचं काही चुकलं असं कधीच न म्हणणारी. आपल्याकडचं दुकान काही वेगळं नाही. पक्षाचा पेपर पक्षाचा आहे असं तोंडावर सांगतो, ते एकवेळ परवडतं. स्वतःला निःपक्ष म्हणवून रोज एकाच दिशेला वाकणारे जास्त आहेत, आणि 'उजवा' किंवा 'डावा' शब्द लावून त्यांच्यावर टीका करण्यात काही अर्थ नाही. आपल्या बाजूच्या माणसाला शेवटचं कधी ठोकलं, एवढंच त्यांना विचारावं.

२०२२ मध्ये लोबच्या सावत्र मुलीने, ती लहान असताना त्याने आपल्यावर अत्याचार केल्याचं जाहीरपणे सांगितलं. 'युनियन लीडर'ने ते स्वतः छापलं, त्याचा धिक्कार केला आणि पेपरच्या नामपट्टीवर इतकी वर्षं असलेलं लोबचं नाव काढून टाकलं. दोन वर्षांनी गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. डेमोक्रॅटांच्या उमेदवार जॉइस क्रेग, मँचेस्टरच्याच माजी महापौर, त्यांनीही आयकर आणि विक्रीकर आपण येऊ देणार नाही असं सांगितलं, आणि तरी हरल्या. २०२५ च्या जानेवारीत, व्याज आणि लाभांशावर १९२३ पासून चालत आलेला राज्याचा कर, आयकराच्या जातीचा तिथला उरलेला एवढाच तुकडा, तोही रद्द झाला. क्लेअरमाँटच्या शाळांच्या पैशाचा वाद अजून मिटलेला नाही.